वरच्या कप्प्यातली कुपी

चिमट्याच्या बिजागरीत अडकलेला तो तपकिरी ठिपका त्यांनी आधी भिंगातून पाहिला, मग टाचणीच्या टोकाने उकरून पांढऱ्या कागदावर घेतला. तो गंज नव्हता. कुणाच्या तरी शरीराचा, वाफेत शिजून कडक झालेला कण होता. खात्री पटल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, ती बशीत ठेवली आणि बेसिनपाशी जाऊन तीन वेळा हात धुतले. टेबलावरच्या चहावर साय धरली होती. ती त्यांना पाहवेना. कप त्यांनी कोपराने दूर सारला.

शस्त्रक्रियेची हत्यारे धुऊन, बांधून, वाफेच्या यंत्रात घालून जिथे निर्जंतुक करतात, त्या रुग्णालयाच्या तळघरातल्या विभागाचे ते प्रमुख होते. हाताखालची माणसे त्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि मनातून काहीसे आवडतही असे. भिंतीवर त्यांनी स्वतः रचलेले बावीस नियम त्यांच्याच वळणदार अक्षरात, काचेच्या चौकटीत लावलेले होते. त्यांतले एकही वाक्य लंगडे नव्हते. पाहणीला येणारे अधिकारी यंत्राआधी त्या चौकटीची तारीफ करीत, आणि प्रमुख मान किंचित झुकवून ती स्वीकारीत.

गेल्या महिन्याभरात वरच्या मजल्यावर पाच गुडघे सडले होते. हा शब्द रुग्णालयात कुणी उच्चारीत नसे. तिथे ‘गुंतागुंत’ म्हणत. कृत्रिम सांधा बसवलेल्या पाच माणसांच्या जखमांत पू झाला होता, दोघांचे सांधे पुन्हा उघडून काढावे लागले होते, आणि एका बाईंचा पाय राहतो की जातो हे अजून ठरायचे होते. शुक्रवारी दुपारी चार वाजता चौकशी समिती बसणार होती. हत्यारे स्वच्छ होती की नव्हती, एवढे एका कागदावर लिहून त्याखाली प्रमुखांनी सही करायची होती. त्या सहीवर सगळे अडले होते.

मंगळवारी सकाळपर्यंत त्यांना आपण काय लिहिणार हे पक्के ठाऊक होते, कारण दोषी कोण हे ठाऊक होते.

पाचही शस्त्रक्रिया हाडांच्या होत्या. हाडांची हत्यारे जड, म्हणून त्यांचे ट्रे यंत्राच्या सर्वांत खालच्या कप्प्यात जात. हलकी पुडकी वर जात, आणि वरच्या पुडक्यांतून ज्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांना काहीही झाले नव्हते. म्हणजे खोट खालच्या कप्प्यात होती. आणि खालचा कप्पा कसा भरायचा हे ज्यांच्या हातात होते, ते यंत्रचालक म्हणजे प्रमुखांचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

वीस वर्षांपूर्वी ताईच्या शब्दाखातर प्रमुखांनीच त्यांना इथे चिकटवले होते. तेव्हापासून रोज आठ तास त्यांना एकाच वेळी साहेबही व्हावे लागे आणि धाकटा मेहुणाही. दाजी त्यांना सगळ्यांसमोर ‘अरे’ म्हणत, आणि ते दाजींना एकांतातही ‘तुम्ही’ म्हणत. हुकूम सोडायचा तर तो विनंतीच्या कपड्यांत गुंडाळून सोडावा लागे. दाजी देवभोळे होते. दर दोन तासांनी यंत्राचे दार लागले की डोळे मिटून ओठ हलवीत, आणि गुरुवारी प्रार्थनामंडळाला वेळेवर पोचता यावे म्हणून तीन फेऱ्यांचा माल दोन फेऱ्यांत कोंबीत. प्रमुखांनी हे पाहिले होते. वर्षानुवर्षे पाहिले होते आणि मूग गिळून बसले होते. आता मात्र त्या मिटलेल्या डोळ्यांची, त्या हलत्या ओठांची त्यांना शिसारी आली.

“दाजी, खालचा कप्पा एवढा कोंबल्यावर वाफ शिरणार कुठून?”

“शिरते रे. वाफेला कोण अडवतंय? इतकी वर्षं शिरली.”

“पाच जणांचे गुडघे सडलेत.”

“ऐकलं. वाईट झालं फार. रोज नाव घेतो मी त्यांच्यासाठी.” दाजींनी खरोखरच छातीवर हात ठेवला. “पण ज्याच्या वाट्याला जे यायचं ते येतं. ते काय तुझ्या फूटपट्टीनं मोजता येतं?”

टोपणनाव असे तोंडावर फेकले गेल्याचे प्रमुखांना फारसे लागले नाही. त्यांना किळस आली ती त्या छातीवरच्या हाताची. कामाच्या वेळी आखडायचा आणि नंतर जोडायचा असा तो हात. आपण चार ट्रे दाबून बसवायचे, आणि त्यातून जे होईल त्याची जबाबदारी कुणा अदृश्याच्या खांद्यावर टाकून त्याच्याचपाशी गाऱ्हाणे घालायचे. असल्या श्रद्धेपेक्षा उघडा नास्तिक बरा, निदान तो दोनदा दार तपासतो, असे त्यांच्या ओठांवर आले होते. पण समोर दाजी होते. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, तळपाय सुजलेले दाजी. ते पुरावा गोळा करायला लागले.

पुराव्याची रीत सोपी होती. दर सोमवारी यंत्रात एक काचेची कुपी ठेवीत. तिच्यात चिवट, पण माणसाला निरुपद्रवी असे जिवंत जंतू असत. फेरीत ते मेले तर कुपीतला रस जांभळा राही. जगले तर उबेच्या पेटीत ठेवल्यावर दिवसाभरात रस पिवळा पडे. सोमवारच्या सगळ्या कुप्या वर्षानुवर्षे जांभळ्या निघाल्या होत्या. पण सोमवारी दाजी शहाण्यासारखे भरत असतील, असा प्रमुखांचा तर्क होता. म्हणून मंगळवारी, न सांगता, त्यांनी दाजींनी कोंबलेल्या खालच्या कप्प्यात, ट्रेच्या मधोमध एक कुपी सरकवली.

बुधवारी ती पिवळी झाली.

ती बोटांत धरून उजेडात पाहताना त्यांना जे वाटले ते समाधान होते, आणि त्याची लाज त्यांना त्या दिवशी वाटली नाही. त्यांनी लगेच निवेदनाचा पहिला मसुदा लिहिला. सुरेख उतरला होता. त्यात ‘मानवी हलगर्जी’ असा शब्दप्रयोग होता, तो ओळीच्या अखेरीस बरोबर जागी पडला होता. पण प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू तपासल्यावाचून त्यांना झोप लागत नसे. म्हणून पुढची फेरी त्यांनी स्वतः भरली, नियमाप्रमाणे, ट्रेंमध्ये चार बोटे अंतर सोडून. खाली दुसरी कुपी ठेवली.

गुरुवारी सकाळी तीही पिवळी झाली.

त्यांनी यंत्र तत्काळ बंद केले, त्या दिवशीची हत्यारे शेजारच्या रुग्णालयातून निर्जंतुक करून आणायला सांगितली आणि बाह्या सरसावून ते यंत्राच्या तळाशी गुडघ्यांवर बसले. वाफ वरून येते. थंड हवा जड, ती खाली बसते आणि तळातल्या भोकातून, एका जाळीतून बाहेर पडते. ती पडली नाही तर खालचा कप्पा हवेत बुडालेला राहतो आणि तिथे वाफ पोचतच नाही. ही जाळी काढायला जोर लावावा लागला. निघाली तेव्हा तिच्यामागून बोळ्याबोळ्याने काय आले ते सांगणे अवघड आहे. कपड्यांचे धागे, चिकटपट्टीचे तुकडे, केस, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा काळपट, बुळबुळीत, चरबट चिखल. उन्हात टाकलेल्या मांसासारखा वास सुटला. धुण्याच्या ओट्यावरची बाई नाकाला पदर लावून बाहेर निघून गेली. प्रमुख तिथेच बसून राहिले. त्यांच्या मनगटापर्यंत तो चिखल लागला होता, आणि ते एकाच गोष्टीचा विचार करीत होते. खाली हे सगळे तुंबले होते, तर सोमवारच्या कुप्या जांभळ्या कशा निघाल्या?

“दाजी,” ते वळून म्हणाले, “सोमवारची कुपी कुठे ठेवता तुम्ही?”

“वर. पुढच्या कडेला.”

“वर? कुणी सांगितलं वर?”

दाजींनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केले. “चौदावा नियम. ‘परीक्षेची कुपी वरच्या कप्प्याच्या दर्शनी भागी ठेवावी.’ पाठ आहे मला.”

प्रमुखांनी चौकटीतली चौदावी ओळ वाचली. तेच शब्द होते.

“मी विचारलं होतं तेव्हा,” दाजी म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होते. “म्हटलं, घाण खाली बसते, मग परीक्षा वर कशाला? तू म्हणालास, दाजी, तुम्ही दाराचं चाक फिरवा, विचार करायला मी आहे. चारचौघांत म्हणालास. मग मी कशाला पुन्हा विचारतोय?”

असे आपण म्हटल्याचे प्रमुखांना आठवेना. पण वाक्य त्यांचेच होते. त्याची घडण त्यांनी ओळखली.

दुपारभर ते कपाटातली जुनी बाडे काढून बसले. नऊ वर्षांमागची नोंदवही सापडली. अक्षर त्यांचे, शाई अजून ठसठशीत. लागोपाठ दोन सोमवार कुपी पिवळी. दोन्ही वेळा खालच्या कप्प्यातली. त्या वेळी अकरा शस्त्रक्रिया रद्द झाल्या होत्या, शल्यविशारद तळघरात येऊन ओरडून गेले होते, आणि यंत्र दुरुस्त करणारा कारागीर आठवड्याने येतो म्हणाला होता. तिसऱ्या सोमवारी त्यांनी लिहिले होते: ‘जाळीची सफाई होईपर्यंत कुपी तात्पुरती वरच्या कप्प्यात ठेवली.’ कुपी जांभळी निघाली होती, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता, यंत्र चालू झाले होते. कारागीर आला, यंत्राला दोन टिचक्या मारून सही करून गेला. जाळी कुणी उघडली नाही. पुढे दोन महिन्यांनी पाहणी ठरली, त्यांनी चौकटीसाठी नियम सुबक करून लिहिले, आणि चौदाव्यातून ‘तात्पुरती’ हा शब्द गेला. तो का गेला, हे मात्र त्यांना लख्ख आठवले. त्या शब्दाने वाक्याची चाल अडखळत होती.

दाजींच्या श्रद्धेला नाक मुरडणाऱ्या या माणसाची श्रद्धा काय होती, तर स्वतःच्या अक्षरावर. दाजी निदान आपल्याहून मोठ्या कुणापुढे वाकत. प्रमुखांनी काचेत मढवून स्वतःलाच भिंतीवर टांगले होते आणि रोज सकाळी वाचले होते. आणि नऊ वर्षे म्हणजे पाचच गुडघे थोडेच? कुणाच्या सांध्यात दोन वर्षांनी दुखणे उमटले असेल, कुणाला ‘वयोमानाने’ सांगून परत पाठवले असेल. ती माणसे कुणी मोजली नव्हती. आता मोजताही येणार नव्हती.

संध्याकाळी ताईचा फोन आला. दाजींनी घरी काय सांगितले होते कोण जाणे. ती रडली नाही. यांचे आठ महिने सरळ जाऊ देत, एवढेच म्हणाली, आणि मग, तू लहानपणापासून दुसऱ्याच्या चुका काढण्यात पटाईत, असेही म्हणाली. त्यांनी तिला या वेळी पहिली चूक आपलीच आहे, दाजींची त्यानंतरची, असे सांगितले. तिला वाटले ते तिची समजूत घालताहेत.

शुक्रवारी दोन वाजता ते निवेदन घेऊन अधीक्षक मॅडमच्या खोलीत गेले. दीड पान होते. पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःचा हुद्दा लिहिला होता, मग चौदावा नियम, मग नऊ वर्षांपूर्वीची ती नोंद, मग जाळी. कोंबलेल्या कप्प्याचीही एक ओळ होती, आणि तो कोंबलेला पाहून आपण गप्प राहिलो, अशी दुसरी. मॅडमनी ते उभ्याउभ्या वाचले, मग बसून वाचले.

त्या वाईट बाई नव्हत्या. कामसू होत्या, शिवाय त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांनी पुष्कळ समजावले. पाचांपैकी तिघांची साखर वाढलेली आहे. एका बाईंनी घरी जखम भिजवली, तशी त्यांच्या केसपेपरवर नोंदही आहे. जाळी आता साफ झाली, नियम बदलता येईल, यापुढे एकालाही काही होणार नाही. मग मागचे उकरून मिळवायचे काय? उद्या लोक इथे यायला घाबरतील, आणि जे येणार नाहीत ते घरी मरतील. त्याची जबाबदारी प्रमुख घेणार का?

“मॅडम, जखम भिजवल्याची नोंद कुणी केली?”

“वॉर्डातल्या डॉक्टरांनी. विचारलं असेल त्यांना.”

“काय विचारलं असेल?”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्ही सविस्तर लिहा हो. हवं तर दहा पानं लिहा. फक्त इतकं नेमकं लिहू नका.”

त्यांनी निवेदन खणात ठेवले आणि दुसरा, टाइप केलेला, चार ओळींचा कागद पुढे सरकवला. कुपीच्या परीक्षेबाबत विहित कार्यपद्धतीचे पालन झाले होते, असे त्यात म्हटले होते. आणि खरेच झाले होते. चौदाव्या नियमाचे नऊ वर्षांत एकदाही उल्लंघन झाले नव्हते. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि तो कागद हातात धरताना प्रमुखांना कालचा चिखल मनगटाला लागल्यासारखे झाले. मॅडमनी चार वाजता यायला सांगितले. ते कागद घेऊन बाहेर पडले. सही करणार नाही, असे ते म्हणाले नाहीत. आपण तसे म्हणालो नव्हतो, हे नंतर त्यांनी स्वतःला बजावून सांगितले.

जिन्याने खाली जाण्याऐवजी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. इतक्या वर्षांत ते वॉर्डात कधी गेले नव्हते. हत्यारे वर जात आणि परत येत, मधल्या माणसांशी त्यांचा संबंध नव्हता. खिडकीजवळच्या खाटेवर जिचा पाय टांगणीला लागला होता ती बाई पडली होती. साठीची, रुंद हाडाची, दंडांवर जुन्या चटक्यांचे डाग. तीस वर्षे लाँड्रीत उभ्याने इस्त्री केल्याने गुडघे गेले होते, असे केसपेपरवर होते. खाटेभोवती औषधाच्या वासाखालून तो दुसरा, गोडसर वास येत होता. त्यांनी रुमाल काढला नाही.

ते कुणी डॉक्टर असावेत असे वाटून बाईंनी चादर सारखी केली आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच बोलायला सुरुवात केली. चूक माझीच हो साहेब, असे त्या म्हणत होत्या. डॉक्टरांनी विचारले, पट्टीला पाणी लागले होते का? त्यांना काही आठवत नव्हते, पण एवढी शिकलेली माणसे विचारताहेत म्हणजे लागले असणार. तोंड धुताना दोन थेंब उडाले असतील. लेक रोज दोन बस बदलून येते आणि रोज त्यावरून बोलते. जावई तर म्हणाले, म्हातारीला स्वतःचा पाय सांभाळता येत नाही. खरेच आहे ते. तुम्हा सगळ्यांना किती त्रास झाला माझ्यापायी.

शेवटी त्या माफी मागू लागल्या. पाय सडलेली बाई त्यांची, प्रमुखांची, माफी मागत होती, आणि खिशात त्यांच्या तो चार ओळींचा कागद होता. त्यांना स्वतःचा इतका तिटकारा आला की क्षणभर तिथून पळून जावेसे वाटले. ते स्टुलावर बसले.

“पाणी लागलं नव्हतं,” ते म्हणाले. “हत्यारं खराब होती. ती मी साफ करतो. तो विभाग माझा आहे.”

मग त्यांनी यंत्राचे सांगायला घेतले. थंड हवा, तळातली जाळी, कुपी. आपण फार बोलतो आहोत असे त्यांना वाटत होते, पण बाईंच्या कपाळावर आठी पडली ती न कळल्याची नव्हती.

“थप्पी दाबून लावली की खालच्या कापडाला वाफ लागतच नाही,” त्या म्हणाल्या. “वरची घडी कडक, खालची ओली. पोरीसुद्धा पहिल्या दिवशी शिकतात हे. मी नेहमी खालची घडी काढून बघायची. वरची काय, ती चांगलीच असते.” मग त्यांनी विचारले, “तुम्ही खालची नाही बघितली?”

“नाही.”

“किती दिवस?”

“नऊ वर्षं.”

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवले. मग त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसले आणि त्यांच्याकडे न पाहताच म्हणाल्या, “थांबा मग. चार वाजता लेक येते. तिच्यासमोर बोला. मी सांगितलं तर म्हणेल, आई आता दुसऱ्यावर ढकलतेय.”

चारला दहा मिनिटे असताना शिपाई शोधत आला. समिती जमली होती, मॅडमनी तातडीने बोलावले होते. प्रमुखांनी खिशातला कागद काढला, त्याच्या पाठीवर ‘हे मला मान्य नाही. माझे निवेदन मॅडमच्या खणात आहे, ते समितीने वाचावे. मी तिसऱ्या मजल्यावर आहे,’ असे लिहिले, सही केली आणि शिपायाच्या हाती देऊन समितीपुढेच ठेवायला सांगितले. अक्षर वाकडे आले होते. शिपायाने कागद वाचला, त्यांच्याकडे पाहिले आणि तो गेला. ते स्टुलावरून हलले नाहीत.

लेक चार वाजून गेल्यावर आली. चाळिशीची, दमलेली, खांद्याला पिशवी. येताच तिने आईच्या उशाचा ग्लास उचलून पाहिला आणि पुन्हा पाणी सांडवले का म्हणून विचारले. मग तिची नजर स्टुलाकडे गेली.

“ह्यांना काही सांगायचंय,” बाई म्हणाल्या. “ऐकून घे.”

प्रमुख उठून उभे राहिले.

“आमच्या तळघरात एक वाफेचं यंत्र आहे...”

“यंत्रापासून नको,” बाई म्हणाल्या. “तुमच्यापासून सांगा.”

लेकीने पिशवी खाली ठेवली नाही. ती तशीच उभी राहिली, आणि प्रमुखांनी पुन्हा सुरुवात केली.